पेशींची रोजकीर्द : खाल्लेल्या भाकरीची ताकद होते तरी कशी?



"अंगात ताकदच राहिली नाही", "पाय ओढल्यासारखे होतात", "हंडा घेऊन चढ चढला की दम लागतो". आपल्या बैठकीत अशी वाक्यं सारखी कानावर येतात. घरचे म्हणतात वय झालं, नाहीतर म्हणतात आळस आला. पण ताकद म्हणजे नेमकं काय? ती भाकरीतून निघून हातापायांत कशी पोचते? आणि मध्येच कुठे अडत असेल, तर ते कसं ओळखायचं? या वेळच्या धड्यात तेच बघायचं आहे.

विषय विज्ञानाचा आहे, पण घाबरायचं कारण नाही. शरीरातला हा सगळा व्यवहार आपल्या गटासारखाच चालतो. जमा, हातशिल्लक, बचत, मुदत ठेव आणि उचल. ज्या बाईला गटाची रोजकीर्द कळते, तिला हा धडा कळणारच.

ताकद येते कुठून?

आपलं शरीर अब्जावधी बारीक पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे जिवंत शरीराची सगळ्यात लहान खोली. साध्या डोळ्यांनी ती दिसत नाही. ताकद लागते ती या प्रत्येक खोलीला. आपण झोपलेल्या असतो तेव्हाही काळीज धडधडत असतं, श्वास चालू असतो, मेंदू जागा असतो. एकट्या मेंदूलाच, शरीर स्वस्थ असताना लागणाऱ्या ताकदीचा साधारण पाचवा हिस्सा लागतो.

ही ताकद मुळात सूर्याची. ज्वारीचं हिरवं पान ऊन पकडतं आणि त्या उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी यांची साखर बनवतं. त्या साखरेची साखळी जोडून पिष्ट तयार होतं आणि ते कणसातल्या दाण्यात साठतं. भुईमूग, तीळ, करडई यांच्या दाण्यात साठा तेलाच्या रूपात असतो. म्हणजे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे साठवून ठेवलेलं ऊनच आहे. आपण ते खातो, पोटात पिष्टाची पुन्हा साखर होते आणि रक्तातून पेशींच्या दारात पोचते. या साखरेचं नाव ग्लुकोज.

पेशीला लागतात सुटे पैसे

ग्लुकोज म्हणजे पाचशेची नोट समजा. नोट खरी आहे, पण अर्धा कप चहाला पाचशेची नोट चालत नाही. पेशीतही तसंच आहे. स्नायूचा एक धागा आखडायचा, एक मिठाचा कण आतून बाहेर ढकलायचा, अशी लहान लहान कामं सतत चालतात. त्यांना सुटे पैसे लागतात. पेशीतल्या या सुट्या नाण्याचं नाव आहे एटीपी.

एटीपीला तीन मणी ओवलेले असतात, फॉस्फेटचे. काम पडलं की शेवटचा मणी सुटतो आणि त्यातून मोकळी होणारी ताकद कामाला लागते. दोन मणी उरले की नाणं रिकामं झालं. मग अन्नाच्या ताकदीवर तिसरा मणी पुन्हा बसवायचा. मोबाईल वापरला, उतरला, परत चार्जिंगला लावला, तसंच.

मुंगी असो, म्हैस असो, कडुनिंब असो की माणूस, सगळ्यांच्या पेशींत हेच नाणं चालतं. 1929 साली ते सापडलं. जर्मनीत कार्ल लोहमन यांना आणि अमेरिकेत सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव हे मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे.

आता गंमत बघा. या नाण्याची हातशिल्लक फार थोडी असते. सगळ्या शरीरात मिळून साधारण 50 ग्रॅमच्या आसपास. जोराचं काम करताना स्नायूतला साठा काही सेकंदांत संपेल, एवढाच. पण दिवसभरात शरीर जेवढी एटीपी वापरतं तिचं वजन केलं, तर ते जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाएवढं भरतं, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. हे कसं काय? कारण तेच नाणं दिवसातून शेकडो वेळा रिकामं होतं आणि शेकडो वेळा भरलं जातं. आपल्या गटात नाही का, थोडीशीच रक्कम, पण या हातातून त्या हातात फिरत राहते आणि वर्षभरात दहा जणींची कामं करते. रक्कम तिजोरीत किती आहे यापेक्षा ती किती फिरते, याला महत्त्व.

म्हणून लक्षात ठेवा, एटीपी साठवून ठेवता येत नाही. ती सारखी बनवावी लागते. बनवण्याचं काम मंदावलं की त्याच घटकेला ताकद कमी पडते.

नोट मोडायच्या दोन जागा

ग्लुकोजची नोट मोडायला पेशीत दोन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे पेशीतला पातळ रस. इथे प्राणवायू लागत नाही. काम झटपट होतं, पण एका ग्लुकोजमागे निव्वळ 2 एटीपी हाती लागतात. धावत जाऊन एसटी गाठताना, भरलं पोतं एकदम उचलताना आपण यावरच चालतो. मग मांड्या भरून येतात, धाप लागते. अशा वेळी अर्धवट मोडलेल्या साखरेचं लॅक्टेट होतं. ते वाया जात नाही. रक्तातून यकृताकडे, म्हणजे काळजाखालच्या मोठ्या ग्रंथीकडे जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर बनते. हे चक्र शोधून काढणाऱ्या जोडप्यातल्या गर्टी कोरी यांना 1947 साली नोबेल पारितोषिक मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री.

दुसरी जागा म्हणजे तंतुकणिका. डॉक्टर मंडळी तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. एकेका पेशीत अशा शेकडो, कधी हजारो असतात. इथे प्राणवायू वापरून साखर पूर्ण मोडली जाते आणि त्याच एका ग्लुकोजमागे सगळे मिळून 30 ते 32 एटीपी मिळतात. कुठे 2 आणि कुठे 30! चरबी मोडायचं कामही मुख्यतः इथेच चालतं. आपली दिवसभराची ताकद या दुसऱ्या जागेवर उभी आहे.

तंतुकणिकेत होतं काय? चुलीत लाकूड टाकलं की भडकून जळतं आणि सगळी ताकद उष्णता होऊन निघून जाते. पेशी तसं करत नाही. ती अन्न टप्प्याटप्प्याने जाळते. अन्नातून निघालेले विजेचे सूक्ष्म कण एका साखळीतून हातोहात पुढे सरकतात, जशा विहिरीपासून घरापर्यंत उभ्या राहिलेल्या बायका घागर एकीकडून दुसरीकडे देतात. शेवटी उभा असतो प्राणवायू. तो हे कण उचलतो आणि त्याचं पाणी होतं. आपण घेतलेला श्वास खरा खर्ची पडतो तो इथे.

घागरी पुढे सरकत असताना, त्या जोरावर तंतुकणिकेच्या आतल्या भिंतीपलीकडे हायड्रोजनचे कण साठवले जातात. कोयनेच्या धरणात पाणी साठवतात आणि मग ते सोडून पाण्याच्या दाबावर चाक फिरवून वीज बनवतात ना? अगदी तसंच. साठलेले कण एका इवल्याशा चाकातून परत आत येतात. ते चाक सेकंदाला शंभराहून अधिक वेळा फिरू शकतं आणि दर फेऱ्याला 3 एटीपी भरून देतं. ही धरणाची कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1961 साली मांडली. सुरुवातीला फारसं कुणी मानलं नाही. 1978 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आणखी एक गोष्ट लेकीसुनांना जरूर सांगा. या तंतुकणिका बाळाला आईकडून मिळतात. वडिलांकडून जवळजवळ नाहीच. तुमच्या पेशीतलं हे वीजघर तुमच्या आईचं, तिच्या आईचं, तिच्याही आईचं आहे. माहेरची ही ठेव लेकाला मिळते आणि लेकीलाही. पुढे चालवते मात्र लेकच.

या साखळीतली एक कडी आणि एक मराठी बाई

घागरी पुढे देणाऱ्या साखळीत सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. कण पकडायचं आणि पुढे द्यायचं काम तो अणूच करतो. प्राण्यांच्या पेशीत हे आधी दिसलं होतं. ते वनस्पतींच्या पेशीतही असतं हे बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं कमला भागवत यांनी. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण.

मुंबईतून पदवी घेऊन 1933 साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या, तेव्हा संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेशच नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम बघू, मग ठरवू, अशी अट घालून त्यांना घेतलं. त्यांनी काम असं करून दाखवलं की पुढे त्या संस्थेत मुलींना दार उघडलं. नंतर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या आणि 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. मायदेशी परतल्यावर गरिबांच्या खाण्यातल्या डाळी, कडधान्यं आणि नीरा यांच्या पोषणावर त्यांनी काम केलं.

बचत आणि मुदत ठेव

आपण चोवीस तास खात नाही, पण पेशींचा खर्च चोवीस तास चालतो. म्हणून शरीर बचत करतं. गटाच्या भाषेत मांडलं तर असं :

हातातले सुटे पैसे – एटीपी. क्षणाक्षणाला फिरणारे.

पाकिटातली नोट – रक्तातली साखर. सगळ्या रक्तात मिळून साधारण चमचाभर.

बचत खातं – ग्लायकोजेन, म्हणजे साखरेची साठवलेली साखळी. यकृतात साधारण 100 ग्रॅमपर्यंत आणि स्नायूंत मिळून तीन-चारशे ग्रॅम.

मुदत ठेव – चरबी. एका ग्रॅम पिष्टातून 4 कॅलरी मिळतात, तर एका ग्रॅम चरबीतून 9. थोड्या जागेत मोठी ठेव.

यात एक मेख आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन स्नायूपुरतंच चालतं, ते रक्तात परत देता येत नाही. रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृताच्या साठ्यावर पडतं. रात्री आठला जेवलात आणि सकाळी सगळ्यांचे डबे, झाडलोट, पाणी, जनावरं करून अकरा वाजता पहिला घास घेतलात, तर मध्ये पंधरा तास जातात. तोवर यकृताचं बचत खातं बरंच रिकामं झालेलं असतं.

मग मुदत ठेव मोडायची. चरबीवर स्नायू आणि काळीज छान चालतात. पण चरबीचा फार थोडा भाग साखर बनू शकतो. मेंदूला आणि तांबड्या रक्तपेशींना तर साखर हवी असते. मग शरीर स्वतःच्या स्नायूतलं प्रथिन मोडून साखर बनवायला घेतं. घर चालवायला शिलाई मशीनच विकण्यासारखं आहे हे. एखाद्या दिवशी ठीक, पण रोज असं झालं आणि जेवणात डाळ-कडधान्यही बेताचंच असलं, तर अंग उतरतं.

खर्च किती ते ही बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1660 कॅलरी लागतात. मध्यम कष्टाच्या बाईला 2130. खुरपणी, पाणी भरणं, ओझी वाहणं असे जड कष्ट करणाऱ्या बाईला 2720. गर्भारपणात त्यावर आणखी साडेतीनशे आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने सहाशे. आता सांगा, सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरतं त्यात हा हिशोब बसतो का?

जेवूनही थकवा का?

काही सख्या म्हणतील, "आम्ही पोटभर जेवतो, तरी थकतोच." इथे लोहाकडे बघायचं.

नोट मोडायची मोठी जागा प्राणवायूवर चालते. प्राणवायू पोचवतं रक्तातलं हिमोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या पोटात लोह असतं. शिवाय तंतुकणिकेतल्या त्या साखळीतही लोह असतं, हे आपण आत्ता पाहिलं. म्हणजे लोह कमी पडलं तर दोन ठिकाणी अडतं. प्राणवायू आणणारी गाडी कमी पडते आणि घागर पुढे देणारे हातही. कोठार भरलेलं, पण दळायला वीज नाही, अशी गत होते. म्हणूनच थोडा चढ चढला की धाप लागते, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हिमोग्लोबिन कमी दिसायच्या आधीच अंगातला लोहाचा साठा उतरू लागतो आणि काही जणींना तेव्हापासूनच थकवा जाणवतो.

एका बाईच्या अंगात सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम लोह असतं, एका छोट्या खिळ्याएवढं. पण पाळीत, गर्भारपणात, बाळंतपणात त्यातलं जात राहतं. म्हणूनच पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह पुरतं, तर बाईला 29 लागतं. बाईची गरज दीडपट आणि ताटात वाटा मात्र बहुतेक वेळा कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला. दहा जणींचा गट असेल, तर पाच जणी. तेव्हा हा आळस नव्हे, हा हिशोबातला तुटवडा आहे.

आपण काय करायचं?

1. हिमोग्लोबिन तपासून घ्या. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. गर्भार नसलेल्या बाईचं 12 च्या खाली आणि गर्भार बाईचं 11 च्या खाली असेल, तर रक्तक्षय आहे. 8 च्या खाली, किंवा गर्भारपणी 7 च्या खाली असेल, तर तो तीव्र. लगेच डॉक्टर गाठायचा.

2. लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. गर्भारपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नका. तांबडी पेशी जवळजवळ 120 दिवस जगते, म्हणून नवं रक्त भरायला आणि साठा व्हायला काही महिने लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडू नका.

3. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. चहा अन्नातलं लोह अडवतो. उलट लिंबू, आवळा, पेरू लोह आत घ्यायला मदत करतात. मटकी, चवळी मोड आणून करा आणि वरून लिंबू पिळा. बाजरी, आळीव, पालेभाजी ताटात असू द्या. खात असाल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह सगळ्यात चांगलं अंगी लागतं. लोखंडी कढई-तवा पुन्हा वापरात काढा. बीट लाल म्हणून रक्त वाढतं, असं मात्र नाही. त्यात लोह बेताचंच असतं.

4. सकाळी कामाला लागण्याआधी काहीतरी खा. शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मूठभर फुटाणे, काहीही. नुसत्या चहावर अकरा वाजवू नका.

5. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर कारण शोधायला हवं. पोटात जंत असतील, पाळीत रक्त जास्त जात असेल. विदर्भात, नंदुरबारकडे आणि इतर आदिवासी भागांत सिकल सेलचा आजारही आढळतो. त्याचं औषधपाणी वेगळं असतं, म्हणून मनाने गोळ्या घेत राहू नका.

पुढच्या बैठकीसाठी

हा धडा बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि मग या प्रश्नांवर बोलावं :

– काल रात्रीचं जेवण आणि आज सकाळचा पहिला घास, यांत तुमचे किती तास गेले?

– तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? तिच्या ताटात डाळ किती येते?

– गटातल्या किती जणींना स्वतःच्या हिमोग्लोबिनचा आकडा माहीत आहे?

शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. गटाच्या वहीत प्रत्येकीची बचत लिहिलेली असते, कर्ज लिहिलेलं असतं, एक रुपया चुकला तरी आपण रात्र जागून तो शोधतो. हिमोग्लोबिनचा आकडा हा ज्याचा त्याचा खाजगी असतो, तो सगळ्यांपुढे वाचायची गरज नाही. पण प्रत्येकीने आपापल्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर तारीख घालून तो लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून त्याखाली नवा आकडा लिहावा. आशाताईंना बैठकीला बोलावलं, तर सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी ठरवता येईल.